आधारची झेरॉक्स (नाशिक)

ओळखीचा पुरावा म्हणून आधार कार्डाची प्रत देण्याचा प्रघात व त्यातून ग्राहकाला वाटणारी माहितीच्या गैरवापराची धास्ती. पंचवटी व त्र्यंबकेश्वरचे लॉज, सातपूर-अंबडचे कामगार ठेकेदार, खोली भाड्याने देणारे घरमालक सगळेच ती मागतात. नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये पासपोर्टच्या पुस्तिका कडक पहाऱ्यात छापल्या जातात. आधारच्या प्रतींचा मात्र त्याच शहरात कोणी हिशेब ठेवत नाही.

लोक हॅकरला भितात, पण कागद सुटतो तो बहुधा काउंटरवरून. ग्राहक पीडीएफ झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सॲपवर पाठवतो, तो ती संगणकावर उतरवून छापतो. नंतर ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ केले तरी चॅटमधला संदेश तेवढा जातो. ‘डाउनलोड्स’मधली फाइल तशीच राहते. ती आणि रीसायकल बिन समोर उभे राहून रिकामे करून घ्यावे. काळपट आलेली, फसलेली प्रतही मागून घ्यावी. ई-आधारच्या (उतरवून घेतलेल्या आधार पीडीएफच्या) पासवर्डचा भरवसा धरू नये: नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरे आणि जन्मवर्ष, हे सूत्र सर्वांना ठाऊक आहे.

आधार देणाऱ्या यूआयडीएआय या सरकारी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून आधार उतरवताना ‘मास्क्ड’च्या चौकटीत खूण केली की १२ पैकी पहिले ८ अंक झाकले जातात. पूर्ण प्रत द्यावीच लागली तर तिच्यावर ‘फक्त खोलीभाड्यासाठी’, तारीख व सही आडवी लिहावी. अक्षरे छापील मजकुरावरून जायला हवीत. समासात लिहिले तर कात्रीने उडते. आधारचे बायोमेट्रिक (बोटांचे ठसे वगैरे) लॉक केल्यास अंगठ्याच्या ठशावर खात्यातून होणारी पैशांची चोरी थांबते, मात्र रेशन दुकानात अंगठा चालत नाही. तिथे आधी तात्पुरते अनलॉक करावे लागते.

गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात म्हटले. बिलासाठी मोबाइल नंबरचा आग्रह धरू नये, असे केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्ये दुकानदारांना कळवले. तरी ‘नंबर सांगा’ अजून ऐकू येतेच. त्याच वर्षीच्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे.

प्रत आधीच कुठेकुठे दिली असेल तर दूरसंचार खात्याच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत ते पाहावे आणि अनोळखी नंबर तिथेच ‘माझा नाही’ म्हणून नोंदवावा. खात्यातून पैसे गेले असल्यास लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आली तरच ती परत मिळण्याची आशा असते.