सायकलवाल्याने कडेनेच जावे, हे कोणी ठरवले?

वडोदऱ्यात रावपुऱ्यातून मांडवीकडे जा, किंवा दांडिया बाजारातून सूरसागरच्या बाजूने या, सायकलवर असलात तर मागून कोणीतरी ओरडणारच, "कडेने चालव!" ओरडणारा मराठी असो वा गुजराती, समज एकच असतो: रस्ता मोटारींचा आहे आणि सायकलला तिथे मेहेरबानी म्हणून राहू दिले आहे. हा समज सायकलवाल्यांनीही आपलासा केला आहे. शाळेत जाणाऱ्या मुलांना आपण घरातून निघताना हेच सांगतो. कायद्याचा इतिहास मात्र वेगळे सांगतो, आणि तो माहीत असणे ही सायकलवाल्याच्या जिवाशी संबंधित गोष्ट आहे.

सायकल ही गाडी आहे की नाही, हा वाद मोटार रस्त्यावर येण्याआधीच मिटला होता. इंग्लंडमध्ये १८७९ साली बेफाम सायकल चालवणाऱ्या एका माणसाच्या खटल्यात न्यायालयाने सायकलला गाडी ठरवले आणि १८८८ च्या कायद्याने ते पक्के केले. हिंदुस्थानात १८६० च्या दंड संहितेचे कलम २७९ सार्वजनिक रस्त्यावर 'कोणतेही वाहन' बेदरकारपणे चालवणाऱ्याला लागू होते. आज तीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ मध्ये आहे. सायकलवाला त्यातून सुटत नाही. गाडीवाल्याची जबाबदारी त्याच्यावर पहिल्यापासून आहे, आणि जबाबदारी असेल तर रस्त्यावरची जागाही आहे.

आता 'डावीकडून चाला' या नियमाकडे येऊ, कारण खरी गफलत तिथे झाली आहे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याच्या दहाव्या परिशिष्टात वाहन चालवण्याचे नियम दिले होते. त्यातला पहिलाच नियम असा की, मोटारचालकाने परिस्थितीनुसार योग्य ठरेल इतके रस्त्याच्या डाव्या बाजूला राहावे आणि समोरून येणाऱ्यांना आपल्या उजवीकडून जाऊ द्यावे. १९८९ च्या रस्ते नियमावलीत तो जवळजवळ जसाच्या तसा आला. नियमाचा हेतू समोरासमोरची टक्कर टाळणे हा आहे. गटाराला चिकटून जा, असे त्यात कुठेही सांगितलेले नाही. शिवाय हा नियम मोटारचालकासाठी आहे. सायकलसाठी दुसरा कायदा पाहावा लागतो.

बडोदे संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले, आणि दोनच वर्षांनी आलेला १९५१ चा मुंबई पोलीस कायदा इथल्या रस्त्यांना लागू झाला. १९६० साली गुजरात वेगळा झाल्यावरही तो राहिला. पुढे त्याला गुजरात पोलीस कायदा म्हणू लागले. या कायद्याने वाहनाच्या व्याख्येत सायकल आणि तीनचाकी सायकल नाव घेऊन घातली आहे. कलम ९९ म्हणते की वाहन चालवणाऱ्याने रस्त्याच्या डाव्या बाजूने जावे आणि त्याच दिशेने जाणाऱ्या दुसऱ्या वाहनाला उजवीकडून ओलांडावे. खरीच गरज असेल किंवा पुरेसे कारण असेल तर मात्र यातून सूट आहे. हे कलम दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. एक, सायकल आणि मोटार दोघेही त्यात वाहनच आहेत. सायकलला ओलांडतानाही मोटारीने उजवीकडूनच, म्हणजे जागा सोडून जायचे आहे. दुसरे, रस्त्याची डावी बाजू म्हणजे डावा अर्धा भाग. त्या भागात सायकलने नेमके कुठे असावे हे कायद्याने सांगितलेले नाही, आणि खड्डा, उभी गाडी, उघडे चेंबर यांसारख्या कारणांनी उजवीकडे सरकण्याची मुभा त्यातच आहे.

जुन्या पिढीला आणखी एक गोष्ट आठवत असेल. सायकलला कर होता आणि तो भरल्याचा बिल्ला सायकलवर लावावा लागे. १९४९ च्या मुंबई प्रांतिक महानगरपालिका कायद्याचे कलम १२७ महापालिकेला वाहनांवर कर बसवण्याचा अधिकार देते. रात्री दिवा नसेल किंवा डबलसीट बसलेले दिसले तर हवालदार अडवत असे. आज "सायकलवाले रस्त्यासाठी काय भरतात?" असे विचारणाऱ्यांना हा इतिहास सांगायला हवा. सायकलकडे वाहन म्हणून पाहिले जात होते, तिच्याकडून वसुलीही होत होती.

मग कडेची सवय आली कुठून? माझ्या मते ती न बांधलेल्या सायकल मार्गांची जागा भरून काढण्यातून आली. इंग्लंडमध्ये १९३४ साली लंडनच्या वेस्टर्न अव्हेन्यूवर पहिला वेगळा सायकल मार्ग झाला तेव्हा तिथल्या सायकलस्वारांच्या संघटनेने त्याला विरोध केला. वेगळी वाट दिली की मुख्य रस्त्यावरून हाकलतील, ही त्यांची भीती होती. आपल्याकडे भारतीय रस्ते काँग्रेस या रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या संस्थेने १९६२ साली सायकल मार्गांचे मानक काढले. त्याची मोजपट्टी आजही वाचण्यासारखी आहे: रस्त्यावर तासाला १०० ते २०० मोटारी असतील आणि गर्दीच्या तासाला ४०० सायकली, तर वेगळा मार्ग द्यावा, मोटारी तासाला २०० च्या वर गेल्या तर केवळ १०० सायकली असल्या तरी द्यावा.

१९६२ हे साल वडोदऱ्याच्या संदर्भात ठेवून पाहा. अलेंबिकचा कारखाना १९०७ पासून होता, कोयलीची रिफायनरी १९६५ मध्ये सुरू झाली, मागोमाग पेट्रोरसायन उद्योग आला, मकरपुऱ्याची औद्योगिक वसाहत वाढली. कामगार सायकलने जात. मोटारी वाढत गेल्या, रस्ते रुंद झाले, पण मोजपट्टीत बसणारे मार्ग कागदावर राहिले. सायकलवाला जिथे आपोआप ढकलला गेला ती कड हाच त्याचा मार्ग, असे गृहीत धरले गेले. इंग्लंडमधल्या सायकलस्वारांना मार्ग मिळाला आणि हक्क जाईल याची धास्ती होती. आपल्याकडे मार्ग मिळालाच नाही, तरी हक्क गेल्यासारखे सगळे वागू लागले.

आणि ही कड कशी आहे? उभ्या गाड्या, लाऱ्या म्हणजे हातगाड्या, गटाराच्या जाळ्या, साचलेली वाळू, उलट दिशेने येणाऱ्या दुचाक्या. उभ्या मोटारीचे दार उघडले की जवळपास मीटरभर जागा व्यापते. थोडे गणित मांडतो. रस्त्याची एक लेन साधारण ३.५ मीटर रुंद धरतात. सायकलवाला कडेपासून अर्धा मीटर सोडून चालला, त्याच्या हँडलची रुंदी ०.६ मीटर, ओलांडताना हवे असलेले सुरक्षित अंतर १.५ मीटर आणि मोटारीची रुंदी १.८ मीटर. बेरीज ४.४ मीटर होते. म्हणजे सायकलवाला कितीही अंग चोरून चालला तरी त्याच लेनमधून मोटार सुरक्षितपणे पुढे जाऊ शकत नाही. कडेला गेल्याने मागच्याला फक्त असे वाटते की जागा आहे, आणि तो कट मारून जातो.

म्हणून अरुंद लेनमध्ये, चार रस्त्याच्या आधी, आणि उभ्या गाड्यांच्या रांगेशेजारी सायकलने लेनच्या मध्यभागी असणे सुरक्षित. मागच्याला ती दिसते, आणि ओलांडायचे तर लेन बदलावी लागेल हे त्याला वेळेत कळते. रुंद, वाहत्या रस्त्यावर कडेपासून अर्धा-पाऊण मीटर सोडून सरळ रेषेत जावे. उभ्या दोन गाड्यांमधल्या मोकळ्या जागेत आत-बाहेर करू नये, कारण प्रत्येक वेळी बाहेर येताना मागच्याला आपण अचानक दिसतो. बसच्या किंवा ट्रकच्या डावीकडे थांबू नये. तो डावीकडे वळला तर चालकाला आपण दिसतच नाही. मोठ्या सर्कलवर उजवीकडे वळायचे धाडस होत नसेल तर सरळ पलीकडे जाऊन, थांबून, दिशा बदलून निघावे. आणि उलट्या बाजूने कधीही जाऊ नये, जवळचे असले तरी. गल्लीतून मुख्य रस्त्यावर येणारा चालक त्या बाजूला पाहतच नाही. ब्रिटनने जानेवारी २०२२ मध्ये आपल्या रस्ते संहितेत यातले बरेचसे लिहूनच टाकले: शांत रस्त्यावर आणि संथ वाहतुकीत सायकलने लेनच्या मध्यभागी राहावे, गर्दीच्या रस्त्यावर कडेपासून किमान अर्धा मीटर, आणि ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगात ओलांडणाऱ्या मोटारीने किमान दीड मीटर सोडावे.

आपल्या कायद्यात असे नेमके वाक्य नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येप्रमाणे यंत्रशक्तीवर चालणारे वाहन म्हणजे मोटार वाहन. साधी सायकल त्याबाहेर राहिली. त्यामुळे तिला परवाना, नोंदणी, विमा लागत नाही, ही चांगली गोष्ट. पण नियम मोटारचालकांसाठी लिहिले गेले आणि सायकलवाला त्यात इतरांच्या कर्तव्याच्या रूपाने येतो. १९८९ च्या नियमावलीत सायकल मार्गावर मोटार चालवण्यास मनाई होती. २०१७ च्या नियमांनी पादचारी, सायकलस्वार, मुले, वृद्ध आणि दिव्यांग यांची खास काळजी घेण्याचे बंधन चालकावर घातले. काळजी म्हणजे किती मीटर, ते मात्र सांगितले नाही.

अपघातानंतर रस्त्यावरच्या जागेचा प्रश्न नुकसानभरपाईच्या दाव्यात पुन्हा उभा राहतो. "सायकलवाला रस्त्याच्या मध्ये होता" हा विमा कंपनीच्या वकिलाचा नेहमीचा मुद्दा, आणि त्यावर भरपाई कमी करण्याची मागणी होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली जिजू कुरुविला प्रकरणात म्हटले की, पंचनाम्यात वाहने कुठे पडलेली दिसतात एवढ्यावरून कोणाचा निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. तो प्रत्यक्ष पुराव्याने दाखवावा लागतो. हे सायकलवाल्याच्या घरच्यांनी लक्षात ठेवावे. त्याआधी १९८७ मध्ये गुजरात राज्य परिवहन महामंडळ विरुद्ध रमणभाई प्रभातभाई या खटल्यात याच न्यायालयाने पायी चालणाऱ्याबद्दल फार मोलाची भूमिका घेतली होती: त्याची चूक नसताना मोटारीने त्याला इजा झाली तर चालकाची चूक असो वा नसो, भरपाई मिळायला हवी. चूक कोणाची हा प्रश्न न विचारता द्यायची रक्कम मोटार वाहन कायद्याच्या १९८२ च्या दुरुस्तीने प्रथम आली, मृत्यूसाठी १५,००० आणि कायमच्या अपंगत्वासाठी ७,५०० रुपये. १९९४ मध्ये ती ५०,००० आणि २५,००० झाली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर, १ एप्रिल २०२२ पासून, मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख.

धोरणात सायकल परत आली ती २००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणात. रस्ता वाहनांसाठी आखण्याऐवजी माणसांसाठी आखा, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. २०११ च्या जनगणनेत देशातल्या ४४.८ टक्के घरांत सायकल होती. शेतीबाहेर काम करणाऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के लोक कामावर सायकलने जात होते. २०२० साली केंद्राने शहरांसाठी सायकल आव्हान स्पर्धा काढली आणि २०२१ मध्ये निवडलेल्या अकरा शहरांत वडोदरा होते. त्याचा मला वडोदरेकर म्हणून आनंदच झाला. तरी रंगवलेली पट्टी आणि हक्क यांत अंतर आहे: पट्टीवर गाडी उभी राहिली की सायकलवाल्याला मुख्य लेनमध्ये यावेच लागते, आणि तिथे त्याने असणे मान्य आहे की नाही हा प्रश्न तसाच राहतो.

सायकलला खरोखर मनाई आहे असे रस्तेही आहेत. अहमदाबाद–वडोदरा द्रुतगती मार्गावर सायकल नेता येत नाही. जुना महामार्ग मात्र खुला आहे. मनाई असेल तर ती आदेशाने आणि फलकाने सांगितलेली असते. बाकी सर्वत्र रस्ता सायकलसाठी खुला आहे. हे गृहीत किती सहज मोडता येते ते कोलकात्याने दाखवले. तिथे २०१३ साली पोलिसांनी १७४ रस्त्यांवर सायकलींना बंदी घातली होती. दूधवाले, पेपरवाले, मजूर सगळे दंडाच्या कक्षेत आले.

म्हणूनच २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात घातलेले कलम १३८(१अ) काळजीपूर्वक वाचायला हवे. यंत्रशक्तीवर न चालणारी वाहने आणि पादचारी यांचा सार्वजनिक जागांवरील वावर व प्रवेश नियमित करण्यासाठी राज्यांना नियम करण्याचा अधिकार ते देते. त्यातून संरक्षणही निघू शकते आणि बंदीही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये, २०१२ पासून चालू असलेल्या रस्ते सुरक्षेच्या याचिकेत, राज्यांना हे नियम सहा महिन्यांत करण्यास सांगितले. याच कायद्याच्या कलम २१२ प्रमाणे नियम करण्यापूर्वी मसुदा प्रसिद्ध करावा लागतो आणि नागरिकांच्या हरकती व सूचना घ्याव्या लागतात. वडोदऱ्याच्या सायकलवाल्यांनी, त्यात मकरपुऱ्याला पाळीवर जाणारे कामगारही आले, तिथे तीन गोष्टी लेखी मागाव्यात: ओलांडताना दीड मीटर अंतर, लेन अरुंद असेल तिथे मध्यभागातून जाण्याचा स्पष्ट हक्क, आणि सायकल मार्ग असला तरी तो वापरण्याची सक्ती नको, विशेषतः त्यावर गाड्या उभ्या असतील तेव्हा.