काळा आजार शिवल्याने होत नाही

ग्वाल्हेरला, लष्कर भागातल्या आमच्या वाड्यात रंगकामाला येणारा बिहारचा मुलगा काळ्या आजारातून (कालाआझार, दीर्घ तापाचा रोग) बरा होऊन परतला. त्याचा चहा वेगळ्या कपात, तोही खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेला. काकू म्हणाल्या, "शिवलं की लागतो तो!"

नाही लागत, काकू. शिवल्याने, उष्ट्याने, खोकल्याने तो पसरत नाही. पसरवते वालुमाशीची मादी. ही माशी २-३ मिलिमीटरची, डासाहून कितीतरी लहान, साध्या मच्छरदाणीच्या जाळीतूनही आत शिरते. नावात वाळू असली तरी तिचं बस्तान गोठ्याची ओलसर माती आणि भिंतींच्या भेगा, म्हणून फवारणी घराच्या भिंतींवर करतात.

भारतात या आजाराचा परजीवी (दुसऱ्याच्या शरीरावर जगणारा सूक्ष्म जीव) माशीला मिळतो तो आजारी माणसाकडूनच. त्यामुळे रुग्णाला लवकर औषध देणं म्हणजे साऱ्या गावाचं रक्षण. १९२०च्या दशकात डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारींच्या यूरिया स्टिबामाइन या औषधाने असंख्य जीव वाचवले; आता लिपोसोमल अँफोटेरिसिन-बी हे औषध शिरेतून एकदाच देतात. माणसांसाठी लस अजून नाही.

बरं झाल्यावर महिन्यांनी, कधी वर्षांनी अंगावर फिकट चट्टे उठले तर मात्र तपासून घ्यायलाच हवं. त्या चट्ट्यांत परजीवी असू शकतात. पण तेही माशीवाटेच पसरतात, कपातून नाही.