छळणारा माणूस आणि छळणारं फीड

"मोबाईलने पोरीचं डोकं फिरवलं" या एका वाक्यात घरोघरी दोन निराळे त्रास कोंबले जातात. एकामागे माणूस असतो, दुसऱ्यामागे कुणीच नसतं, असतं ते फक्त फीड: ॲप आपणहून समोर आणत राहतं ती पोस्टची रांग.

कॅनडातल्या अमँडा टॉडच्या मागे माणूस होता. तिचा खासगी फोटो त्याच्या हाती लागला. मग धमक्या सुरू झाल्या, खोट्या नावांच्या खात्यांवरून फोटो तिच्या ओळखीतल्यांपर्यंत पोचला. शाळा बदलली तरी पिच्छा सुटला नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये, पंधराव्या वर्षी तिने जीवन संपवलं. नेदरलँड्सचा तो इसम दोषी ठरायला २०२२ उजाडलं. कॅनडाच्या कोर्टाने १३ वर्षांची शिक्षा दिली.

लंडनच्या मॉली रसेलच्या प्रकरणात पिंजऱ्यात उभं करायला असा कुणी नव्हता. ती २०१७ मध्ये गेली, वय १४. शेवटच्या सहा महिन्यांत तिने इन्स्टाग्रामवर लाइक, सेव्ह किंवा शेअर केलेल्या १६,३०० पोस्टपैकी २,१०० नैराश्य, स्वतःला इजा आणि आत्महत्येबद्दलच्या होत्या. चित्रं जमवायच्या पिंटरेस्ट या ॲपने तर तिला आवडतील म्हणून नैराश्यावरचे पिन (म्हणजे तिथल्या पोस्ट) ईमेलने सुचवले, साड्यांचा सेल कळवावा तसे. २०२२ मध्ये कॉरोनरने, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, मृत्यूच्या कारणांत नैराश्यासोबत ऑनलाइन मजकुराचाही वाटा नोंदवला.

म्हणून "कोण त्रास देतंय तुला?" हा आईबाबांचा ठरलेला प्रश्न अर्धाच कामाचा. फीडमध्ये अडकलेलं मूल "कोणी नाही" म्हणेल, आणि ते खरंच असेल. "तुला हल्ली काय काय दिसतं, दाखवशील?" असं विचारलं तर काहीतरी हाती लागेल.

छळणारा माणूस असेल तर ब्लॉक करण्याआधी चॅटचे आणि खात्याचे स्क्रीनशॉट घ्या, काही डिलीट करू नका, पैसे देऊ नका. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात करा. रागाच्या भरात फोन हिसकावला, तर पुढच्या वेळी मूल सांगणारच नाही.

फीडपुढे पोलीस काय करणार? तिथे शेजारी बसून नको त्या पोस्टवर 'रस नाही' दाबायचं, शोधाचा इतिहास पुसायचा. पण फीड बदललं म्हणून मन लगेच सावरत नाही. त्यासाठी डॉक्टर किंवा समुपदेशक हवाच. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

आणि कधीकधी दोन्ही एकाच घरात सापडतात: छळाने खचलेलं पोर रात्री उदास रील्स शोधतं, आणि फीड त्याला तेच वाढत राहतं.