कर्ज, घराणी आणि चिठ्ठ्या: अथेन्समध्ये लोकसत्ता कशी रुजली

क्रीट बेटावर ड्रेरोस नावाची एक लहानशी नगरी होती. तिथल्या अपोलोच्या देवळाच्या भिंतीवर इ.स.पू. ६५० च्या सुमारास एक कायदा कोरला गेला. नगरीचे मुख्य अधिकारपद एकदा भूषवलेल्या माणसाने पुढची दहा वर्षे ते पुन्हा घ्यायचे नाही. घेतलेच, तर त्याने निवाड्यांत ठरवलेल्या रकमेच्या दुप्पट दंड त्याने भरायचा आणि जन्मभर पदाला मुकायचे. दगडावर कोरलेल्या ग्रीक कायद्यांतला हा सर्वांत जुन्यांपैकी एक. लोकशाही तेव्हा फार लांब होती, पण सत्ता एका हाती मुरू द्यायची नाही, ही धडपड इथे स्पष्ट दिसते. पुढचा सगळा इतिहास मला याच धडपडीचा वाटतो.

त्याआधी मायसीनी, पायलोस इथल्या राजवाड्यांचा काळ होता. इ.स.पू. १२०० च्या सुमारास ते कोसळले. राजवाड्यांतले कारकून गेले आणि त्यांच्याबरोबर लिपीही गेली. आठव्या शतकापर्यंत फिनिशियन लोकांकडून नवी वर्णमाला आली, तेव्हा वस्त्या पुन्हा वाढत होत्या, मात्र त्यांच्या डोक्यावर मोठा राजा उरला नव्हता. डोंगर आणि समुद्र यांनी तोडलेल्या प्रत्येक खोऱ्याने आपला देव, आपला बाजारचौक आणि आपले कायदे उभे केले. काळ्या समुद्रापासून आजच्या मार्सेपर्यंत अशी हजाराहून अधिक नगरराज्ये वसली. बहुतेक अगदी चिमुकली होती. सुमारे २५०० चौरस किलोमीटरच्या अॅटिका या भोवतालच्या प्रदेशावर हक्क सांगणारे अथेन्स त्यांच्यात अवाढव्यच ठरे.

अथेन्सवर मोजक्या घराण्यांची पकड होती. चांगली जमीन त्यांची, न्यायनिवाडाही त्यांचाच. लहान शेतकरी कर्ज काढी, त्याच्या रानात गहाणखुणेचा दगड रोवला जाई, आणि कर्ज फिटले नाही तर तो स्वतः किंवा त्याची मुले गुलाम म्हणून विकली जात. गाव पेटायच्या बेतात असताना इ.स.पू. ५९४ मध्ये सोलोनला मध्यस्थ म्हणून पूर्ण अधिकार देण्यात आले. त्याने कर्जे रद्द केली आणि माणूस तारण ठेवून कर्ज देण्यावर कायमची बंदी घातली. सोलोन कवी होता. काळ्या भूमीत रोवलेले दगड आपण उपटले, हे तो एका कवितेत सांगतो. परदेशी विकले गेलेले काही जण आपण परत आणले, आणि इतकी वर्षे भटकून त्यांच्या तोंडची अॅटिकाची बोली गेली होती, हेही त्याच कवितेत आहे. त्या काळातल्या कर्जाची किंमत मला याहून नेमकी कुठेच वाचायला मिळालेली नाही.

पदे मात्र उत्पन्नावरच ठरत राहिली, आणि घराण्यांची भांडणेही मिटली नाहीत. त्यांचाच फायदा घेऊन पिसिस्त्रातस हुकूमशहा झाला. त्याचा मुलगा हिप्पियास इ.स.पू. ५१० मध्ये स्पार्टाच्या मदतीने हाकलला गेला.

खरी कलाटणी त्यानंतरची. क्लिस्थेनीस आणि इसागोरस या दोन बड्या घरांतल्या पुढाऱ्यांत सत्तेची झुंज लागली. इसागोरसने स्पार्टाचा राजा क्लिओमेनीस याला बोलावून घेतले, क्लिस्थेनीसला शहर सोडावे लागले, आणि ७०० कुटुंबे हद्दपार झाली. तेव्हा अथेन्सचे लोक स्वतःच उठले. अॅक्रोपोलिस या शहराच्या तटबंद टेकडीवर अडकलेल्या स्पार्टी तुकडीला त्यांनी दोन दिवस वेढून ठेवले, आणि तिसऱ्या दिवशी तिला निघून जावे लागले. या उठावाचे नेतृत्व कोणी केले, त्याचे नाव इतिहासात नाही. लोकशाहीचा जन्म मी तरी या तीन दिवसांतच मानतो.

परतलेल्या क्लिस्थेनीसने इ.स.पू. ५०८-०७ मध्ये घराण्यांच्या मुळावरच घाव घातला. त्याने १३९ गाव-वस्त्यांना नागरिकत्वाचे मूळ एकक केले. मग शहर, किनारा आणि आतला मुलूख अशा तिन्ही भागांतले गट एकत्र गुंफून दहा नवे गण बनवले. त्यामुळे किनाऱ्यावरचा कोळी आणि आतल्या मुलखातला शेतकरी एकाच गणात मत देऊ लागले, एकाच पलटणीत लढू लागले. प्रत्येक गणातून ५० असे ५०० जणांचे मंडळ दरवर्षी निवडले जाई. पुढे ही निवड चिठ्ठ्या टाकून होऊ लागली, आणि जन्मात दोनदाच त्यात बसता येई. मंडळाचा अध्यक्ष तर रोज बदलायचा: खजिन्याच्या किल्ल्या आणि राज्याचा शिक्का त्याच्याकडे एक रात्र आणि एक दिवस. निवडणुकीत नाव आणि पैसा जिंकतो, म्हणून चिठ्ठी लोकशाहीची आणि निवडणूक मूठभरांच्या राज्याची खूण, असे अॅरिस्टॉटलही नोंदवतो. सेनापती मात्र मतानेच निवडले जात. युद्ध नशिबावर सोडण्याइतके अथेन्सवासी भाबडे नव्हते.

फार वजनदार झालेल्या पुढाऱ्यासाठी खापरीचे मत होते. फुटक्या मडक्याच्या तुकड्यावर नाव खरवडायचे. किमान ६००० खापऱ्या पडल्या, तर सर्वाधिक मतांचा माणूस दहा वर्षे हद्दपार, पण त्याची मालमत्ता शाबूत. अॅक्रोपोलिसच्या उत्तर उतारावरच्या एका विहिरीत थेमिस्टोक्लीस या बड्या पुढाऱ्याचे नाव लिहिलेल्या सुमारे १९० खापऱ्या सापडल्या, आणि अक्षर मोजक्याच हातांचे. म्हणजे कोणीतरी त्या वाटण्यासाठी आधीच तयार ठेवल्या होत्या.

गरिबांना खरे वजन आले ते नौदलामुळे. अॅटिकातल्या लॉरियनच्या खाणीत सापडलेल्या चांदीतून थेमिस्टोक्लीसने युद्धनौका बांधायला लावल्या. एका नौकेला १७० वल्हेकरी लागत, आणि त्यांत भूमिहीन नागरिक मोठ्या संख्येने होते. इ.स.पू. ४८० मध्ये अथेन्सजवळच्या सलामिस बेटापाशी चालून आलेले इराणी आरमार हरले ते त्यांच्या बळावर. एफिआल्टीस या पुढाऱ्याने ४६२ मध्ये बड्यांच्या जुन्या परिषदेचे बहुतेक अधिकार काढले, आणि त्याच्यानंतरचा पुढारी पेरिक्लीस याने न्यायालयात बसणाऱ्यांना रोजंदारी सुरू केली. त्यामुळे हातावर पोट असलेल्यालाही न्यायाला बसता आले.

स्त्रिया, परके रहिवासी आणि गुलाम या सगळ्याच्या बाहेर होते. ती चांदी गुलामांनीच खणली, हे विसरून अथेन्सचे कौतुक करता येत नाही.

विरोधकांना या व्यवस्थेचा कणा नेमका ठाऊक होता. इ.स.पू. ४११ मध्ये ४०० जणांनी सत्ता बळकावली, तेव्हा पदांचे वेतन बंद करण्यात आले. ४०४ मधल्या तीस जणांच्या राजवटीने हक्क ३००० माणसांपुरते ठेवले. दोन्ही वेळा लोकांनी आपली सत्ता परत मिळवली. इ.स.पू. ३२२ मध्ये मात्र मॅसिडोनियाच्या अँटिपेटरने अथेन्सला हरवले आणि किमान २००० द्राख्मांची (चांदीच्या नाण्यांची) मालमत्ता असलेल्यांनाच नागरिकत्वाचे हक्क ठेवले. ज्यांच्या पूर्वजांनी सलामिसला वल्ही मारली होती, त्यांतल्या बहुतेकांचे मत त्या दिवशी गेले.