नॉस्टिकांची बायबलमीमांसा

इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांत रोम, इजिप्त वगैरे भागांतील नॉस्टिक, म्हणजे ज्ञानवादी, गटांनी बायबलचा अर्थ कसा लावला, याचा विचार येथे केला आहे. त्यांनी बायबल सरसकट उलटे वाचले, हा समज अपुरा आहे. १९४५ मध्ये इजिप्तमधील नाग हम्मादीजवळ नॉस्टिकांचे लेखन असलेले तेरा कॉप्टिक (जुन्या इजिप्ती भाषेतील) हस्तलिखित ग्रंथ सापडले, तेव्हापासून तर तो टिकवणे कठीणच झाले.

सुरुवात बहुधा मजकुरातल्या अडचणीपासून होई. एदेन बागेत देव आदामाला ‘तू कोठे आहेस?’ असे विचारतो. ‘सत्याची साक्ष’ या ग्रंथाच्या मते ज्याला हे विचारावे लागते, त्याला पूर्वज्ञान नाही. देव स्वतःला ईर्ष्यावान म्हणवतो. ‘योहानाचा गुप्तग्रंथ’ विचारतो, दुसरा देवच नसेल तर ईर्ष्या कोणाची? यावरून जगाचा निर्माता याल्दाबाओथ हा दुय्यम ठरतो आणि परमपिता त्याच्या पलीकडचा. बायबलच्या पहिल्या पाच ग्रंथांचा परंपरेने मानलेला कर्ता मोशे याच्याबद्दल हाच ग्रंथ ‘मोशे म्हणाला तसे नव्हे’ असे बजावतो. आदामाची गाढ झोप म्हणजे जाणिवेवर पडलेला पडदा, असे तो सांगतो आणि आधार देतो यशया संदेष्ट्याचा. म्हणजे मोशेला खोडायलाही शास्त्रवचनच लागते.

दुसऱ्या शतकातील नॉस्टिक गुरू व्हॅलेंटिनस याच्या परंपरेतील टॉलेमीने फ्लोरा नावाच्या स्त्रीला लिहिलेले पत्र अधिक शिस्तीचे आहे. मोशेच्या नियमशास्त्रात तो तीन कर्ते पाहतो: देव, स्वतः मोशे आणि लोकांतील वडीलजन. घटस्फोटाची मुभा मोशेची, कारण येशूनेच ती लोकांच्या अंतःकरणाच्या कठोरपणामुळे दिल्याचे म्हटले आहे. देवाच्या भागाचेही तो तीन तुकडे करतो. दहा आज्ञा शुद्ध, त्या येशूने पूर्ण केल्या. ‘डोळ्याबद्दल डोळा’ अन्यायाने मिसळलेला, तो रद्द. यज्ञ, सुंता, शब्बाथ, उपवास प्रतीकात्मक, त्यांचा आध्यात्मिक अर्थ घ्यायचा. हा नियमदाता देवही परमपिता नव्हे आणि सैतानही नव्हे. तो न्यायी असा मधला निर्माता.

या परंपरेतला संख्यांचा वापर मात्र ढिला होता, हा पहिला धोका. येशूच्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यात मजूर पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या, नवव्या आणि अकराव्या तासाला लावले जातात. बेरीज तीस, म्हणून दिव्यलोकातील तत्त्वे तीस! ल्योंचा बिशप आयरेनियस याने सुमारे १८० मध्ये यावर नेमके बोट ठेवले: शास्त्रात पाच हा आकडाही जागोजाग येतो, मग त्यावर सिद्धांत का नाही?

दुसरा धोका मूळ पाठातच भर घालण्याचा. योहानाच्या शुभवर्तमानावर लिहिताना याच परंपरेतील भाष्यकार हेराक्लिऑनने ‘त्याच्यावाचून काहीही झाले नाही’ या वाक्यात ‘जगातील’ वस्तूंपुरती मर्यादा घातली, म्हणजे दिव्यतत्त्वे त्यातून सुटावीत. याच शुभवर्तमानात विहिरीपाशी येशूशी बोलणाऱ्या शोमरोनी स्त्रीला प्रचलित पाठात पाच नवरे आहेत. त्याच्याकडे ते सहा झाले आणि जडसृष्टीचे प्रतीक ठरले. तिसऱ्या शतकातील ख्रिस्ती विद्वान ओरिजेनने या दोन्ही ठिकाणी त्याला पकडले. त्याच खंडनातील उताऱ्यांमुळे हेराक्लिऑनच्या भाष्याचे जवळपास पन्नास तुकडे आज वाचता येतात.