स्काऊट पथकातील प्रौढ स्वयंसेवक

स्काऊट-गाईड चळवळीत मुलामुलींचे पथक विनावेतन सांभाळणारी प्रौढ व्यक्ती. ७ नोव्हेंबर १९५० रोजी स्थापन झालेल्या भारत स्काऊट्स आणि गाईड्स या संस्थेत वयोगटाप्रमाणे कब मास्टर (लहान मुलगे), फ्लॉक लीडर (लहान मुली, म्हणजे बुलबुल), स्काऊट मास्टर (किशोर मुलगे), गाईड कॅप्टन (किशोरी), रोव्हर लीडर (तरुण), रेंजर लीडर (तरुणी) अशी पदनामे आहेत. बुलबुल आणि गाईड पथकांची धुरा स्त्रियांकडे असते.

मुंबईतील बहुतेक पथके शाळांना जोडलेली आहेत. त्यामुळे स्वयंसेवा इथे अनेकदा मुख्याध्यापकांच्या आदेशाने सुरू होते: जूनमध्ये कुणातरी शिक्षकाच्या गळ्यात ही माळ पडते आणि तास, पेपर तपासणी, निवडणुकीची कामे सांभाळून त्याने पथक चालवायचे असते. ओढून आणलेल्या अशा शिक्षकांपैकी काही जण पुढे या कामात मनापासून रमतात, हेही खरे. मध्य आणि पश्चिम रेल्वेच्या स्वतंत्र संघटना आहेत; तिथे रेल्वे कर्मचारीच नोकरीबाहेरच्या वेळात पथके चालवतात.

चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली ब्राउनसी बेटावर घेतलेल्या शिबिरापासून चालत आलेली संघपद्धती हा कामाचा गाभा. सहा ते आठ मुलांचा एक संघ, त्यांच्यातलाच एक संघनायक. तंबू कुठे ठोकायचा, चूल कशी मांडायची, पाणी कोण आणणार हे त्याने ठरवायचे. प्रौढाने आधी शिकवायचे, मग बाजूला व्हायचे. हे बाजूला होणेच सर्वांत अवघड, विशेषतः वर्गात चाळीस-पन्नास मुलांना गप्प बसवण्याची सवय झालेल्या शिक्षकाला. खिचडी करपते आहे हे दिसत असूनही डाव हातात न घेणारा स्काऊट मास्टर विरळा. ‘खरी कमाई’च्या दिवशीही तेच: भेळ, सरबत मुलांनी विकायचे, हिशेब त्यांनीच मांडायचा, प्रत्यक्षात बऱ्याच स्टॉलवर पालकच पुढे दिसतात.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र बाजूला होण्याची मुभा नाही. शिबिरासाठी पालकांचे लेखी संमतीपत्र, मुलींसोबत महिला लीडर, प्रौढांची व मुलांची झोपण्याची वेगळी सोय, कोणत्याही प्रौढाने मुलासोबत एकटे न राहणे हे नियम काटेकोरपणे पाळावे लागतात. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा २०१२ चा पॉक्सो कायदा इथेही लागू होतो.

प्रशिक्षण बेसिक, ॲडव्हान्स्ड आणि हिमालय वुड बॅज अशा टप्प्यांनी होते. पहिला वुड बॅज वर्ग इंग्लंडमधील गिलवेल पार्क येथे १९१९ मध्ये झाला. वुड बॅजचा टप्पा पूर्ण करणाऱ्याच्या गळ्यात चामड्याच्या दोरीतले दोन लाकडी मणी दिसतात. शिवाजी पार्कचा स्काऊट हॉल मुंबईकरांच्या परिचयाचा आहे, पण रोजचा सराव शाळेच्या अंगणातच होतो. सकाळ-दुपार अशा दोन अधिवेशनांच्या शाळेत ते अंगणही तासाभरापुरतेच मोकळे मिळते. गाठी मारणे, काठ्यांचे मनोरे, प्रथमोपचार सगळे तेवढ्यात उरकावे लागते.

प्रवेश, प्रथम ते तृतीय सोपान, राज्य पुरस्कार, राष्ट्रपती पुरस्कार ही मुलांची चढती वाट. वरच्या पुरस्कारांची चाचणी पथकाबाहेरचे परीक्षक घेतात. नोंदवह्या पूर्ण करून घेण्याचे काम लीडरचे. दहावीच्या सवलतीच्या गुणांमुळे पालकांची चौकशी याच टप्प्यावर वाढते.

पथकामागे पालक आणि शाळेची ग्रुप समिती असणे अपेक्षित असते. ती कागदावरच राहिली, तर शिक्षक निवृत्त होताच पथक मोडते. जिथे जुने रोव्हर परत येऊन सहायक म्हणून उभे राहतात, तिथे ते टिकते.