रोज किती, खाडे किती?

केरळात बांधकाम मजुराला दिवसाला साडेआठशे रुपये, मध्य प्रदेशात तीनशेसुद्धा नाहीत, असा तक्ता व्हॉट्सॲपवर फिरतो. आकडे खरे आहेत: 2022-23चे, ग्रामीण भागातले, रिझर्व्ह बँकेने छापलेले. ‘जिथे रोज जास्त तिथे मजूर सुखी’ ही तक्त्याखाली जोडलेली अक्कल मात्र फॉरवर्ड करणाऱ्याची.

घर चालतं आठवड्याच्या कमाईवर, आणि तिच्यातून खाडे वजा होतात. मुंबईच्या उपनगरात कुठल्याही मजूर नाक्यावर बघा. आठ वाजता मिस्त्री आपल्या रेटवर अडून असतो. साडेनऊपर्यंत कुणी विचारलं नाही, की तोच म्हणतो, “बोला शेठ, किती देणार?” दहानंतर डबा तसाच घरी.

जॉन हॅरिस आणि मायकल टोडारो या अर्थशास्त्रज्ञांनी 1970 साली यावर झकास गणित मांडलं. माणूस शहराची वाट धरतो ती नुसता रोज बघून नाही. रोज गुणिले काम मिळण्याची शक्यता, हा हिशेब त्याच्या मनात असतो. समजा, गावात 600 रुपये हमखास मिळतात, नाक्यावर 900, आणि नाक्यावर दर दिवशी 100 जणांना काम आहे. तिथे 150 माणसं होईपर्यंत लोक येत राहतील. मग शक्यता उरते दोन तृतीयांश. सहा दिवसांत चार हजेऱ्या, म्हणजे 3600. गावातही 600 गुणिले सहा, तेवढेच! 50 जण दर दिवशी रिकामे.

आता मेट्रोचं काम निघालं, 20 जागा वाढल्या, रेट तोच. बेकारी घटेल? 120 जागांसाठी 180 जण जमेपर्यंत ओघ थांबत नाही. रिकामे हात 50चे 60 झाले. कामही वाढलं, बेकारीही! (यात चिठ्ठी टाकल्यासारखी निवड गृहीत आहे. खोलीचं भाडं आणि मुकादमाची ओळख यात धरलेली नाही, हा त्यातला कच्चा दुवा.)

खाडे पावसामुळे पडतात, तसे पंचांगामुळेही. अमावास्येला स्लॅब नको, पितृपक्षात नवं काम नको. सिमेंट घट्ट होतं ते पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेने. त्याला तिथी कळत नाही. हजेरी बुडते बिगाऱ्याची.

2017पासून देशात होणाऱ्या श्रमबल सर्वेक्षणात रोजंदारीवाल्याला मागच्या सातही दिवसांची कमाई वेगवेगळी विचारतात, हे उत्तमच. पण त्याच साप्ताहिक मोजणीत आठवड्यात एक तास काम केलेला माणूसही ‘रोजगारात’ धरतात. पाच दिवस नाक्यावरून हात हलवत परतलेला बिगारी त्यामुळे बेकारांच्या रकान्यात सापडत नाही. तो शोधायचा कमाईच्या रकान्यात.